दुकान विकतोय, निम्मे पैसे हप्त्यांनी येणार. यूसीसी-१ भरताना काय सांभाळायचं?

गौरी_एडिसन

नमस्कार मंडळी. एडिसनमधलं आमचं फराळ-मिठाईचं दुकान आम्ही विकतोय. घेणारं जोडपं ओळखीतलं आहे, पोरं कष्टाळू आहेत. निम्मी रक्कम ताबा देताना मिळणार, उरलेले ९०,००० डॉलर सहा वर्षांत मासिक हप्त्यांनी. वकिलांनी प्रॉमिसरी नोट आणि सिक्युरिटी अ‍ॅग्रीमेंट करून दिलं आहे. त्यात भट्टी, दोन फ्रायर, वॉक-इन कूलर, पॅकिंगचं मशीन, डिलिव्हरीची व्हॅन आणि दुकानातला माल असं सगळं तारण म्हणून लिहिलंय. त्या तारणावरचा आमचा हक्क सरकारदरबारी नोंदवायचा फॉर्म, म्हणजे यूसीसी-१, त्याबद्दल मात्र म्हणाले, "ऑनलाइन आहे, तुम्हीच भरा, नाहीतर माझी फी वेगळी."

फॉर्म उघडून बसले आणि अडले. कर्जदार म्हणून नाव कुणाचं लिहायचं? त्यांनी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली आहे, पण पाटीवर आमच्याच दुकानाचं नाव ठेवणार आहेत. दुसरं म्हणजे ती एलएलसी डेलावेअरची आहे, कुठल्याशा वेबसाइटवरून काढली म्हणे. दुकान तर न्यू जर्सीत. मग नोंद कुठे? आणि करारही सोबत अपलोड करायचा का? त्यात सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर आहेत.

ताबा १ डिसेंबरला द्यायचाय. आमच्या ह्यांचं म्हणणं, ओळखीचे आहेत, एवढं काय त्यात. मला मात्र झोप लागत नाही. आमची निवृत्तीची पुंजी याच दुकानात आहे. कुणी केलं असेल तर सांगा.

संदीप_आयसेलिन

ताई, टेन्शन घेऊ नका, सोपं असतं. न्यू जर्सीच्या साइटवर जा, दुकानाचं नाव टाका, फी भरा, लगेच पावती येते. आमचं पंधरा मिनिटांत झालं होतं. काही चुकलं तर तेच परत पाठवतात.

रोहिणी_मर्सर

गौरीताई, अजून काही भरू नका. संदीप, तुम्ही मदतीच्या भावनेनेच लिहिलंय, पण न्यू जर्सी, दुकानाचं नाव आणि "चुकलं तर परत पाठवतात" या तिन्ही गोष्टी ताईंच्या बाबतीत नडतील. म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही. यंत्रसामग्रीसाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रांच्या टेबलावर काम करते आणि रोज हेच फॉर्म तपासते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण आपल्याकडच्या लोकांची फसगत तिथेच होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त वाचला जातो, मुद्रांक पाहिला जातो, ओळखीला साक्षीदार लागतात. इथे यातलं काही नाही. यूसीसी-१ म्हणजे दस्ताची नोंदणी नव्हे. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढवतात तशी ती जगाला दिलेली सूचना आहे: या देणेकऱ्याच्या या वस्तूंवर माझा हक्क आहे. फॉर्म परत पाठवायला कार्यालयाकडे मोजकीच कारणं असतात. कर्जदाराचं नावच नाही, व्यक्ती असून आडनाव कुठलं ते दाखवलेलं नाही, तुमचं नाव-पत्ता नाही, फी नाही, असली. नाव *बरोबर* आहे का हे बघणं त्यांच्या कामात बसत नाही. चुकीच्या नावाने भरलात तरी ते आनंदाने स्वीकारतील, शिक्का आणि क्रमांक देतील. चूक कळते ती पाचेक वर्षांनी, समोरचा दिवाळखोरीत गेला आणि त्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या ट्रस्टीने तुमची नोंद बाद करायला घेतली की. म्हणून पावती आली म्हणजे काम झालं असं कृपा करून समजू नका.

आता नाव. सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

एलएलसी असेल तर राज्याकडे दाखल झालेल्या मूळ स्थापनापत्रात, म्हणजे डेलावेअरच्या सर्टिफिकेट ऑफ फॉर्मेशनमध्ये (आणि त्यात पुढे दुरुस्ती झाली असेल तर त्या दुरुस्तीत) जे नाव आहे तेच, अक्षर न् अक्षर. पाटीवरचं नाव चालत नाही. नुसतं व्यापारी नाव देऊन केलेली नोंद पुरेशी नाही असं कायद्यातच लिहिलंय. टॅक्सच्या फॉर्मवरचं, बँकेच्या चेकवरचं, व्हिजिटिंग कार्डावरचं नावही प्रमाण नाही.

मराठी आणि एकूणच भारतीय नावांत आणखी एक अडचण आहे. 'श्री' कुणी आय लावून लिहितं, कुणी दोन ई लावून, कुणी एच गाळून. 'लक्ष्मी' कुणी एक्सने, कुणी के-एस-एचने. आपण वाचताना सगळं एकच वाचतो. राज्याचा शोध घेणारा संगणक तसं वाचत नाही. बहुतेक राज्यांत तो स्वल्पविराम, टिंब, मोकळी जागा, लहान-मोठी अक्षरं आणि शेवटचं एलएलसी किंवा इन्क सोडून देतो. पण आय आणि दोन ई त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं. कायद्याची कसोटीही साधी आहे: खऱ्या नावाने शोध घेतला आणि तुमची नोंद यादीत आली, तर बारीकसारीक चूक माफ. नाही आली, तर ती नोंद 'गंभीरपणे दिशाभूल करणारी' ठरते, आणि अशी नोंद असून नसल्यासारखी.

फ्लोरिडात तर याहून कडक झालं. कंपनीच्या नोंदलेल्या नावात 'बुलेवार्ड' पूर्ण होतं, बँकेने यूसीसी-१ वर 'बीएलव्हीडी' असं संक्षिप्त लिहिलं. २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फ्लोरिडाच्या नोंदवहीत प्रमाणित शोधपद्धतच नाही, त्यामुळे चुकीला माफीचं दारच उघडत नाही. पोस्टमन ज्या संक्षेपाने पत्र बरोबर पोचवतो, तो संक्षेप बँकेला नडला.

तुमच्या व्यवहारात यंत्रं घेणारी एलएलसी आहे, तेव्हा कर्जदाराच्या रकान्यात फक्त तीच. त्या जोडप्याने हमीदार म्हणून सह्या केल्या असतील, पण स्वतःच्या मालकीचं काही तारण दिलं नसेल, तर त्यांची नावं तिथे टाकू नका. ज्याने तारण दिलं नाही त्याच्या नावावर नोंद करायचा तुम्हाला अधिकार नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी व्यक्तीच्या नावावर नोंद करणार असेल तर त्यांच्यासाठी: २०१३ पासून बहुतेक राज्यांत नियम असा, की त्या माणसाच्या मुदतीतल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर जे नाव आहे तेच. लायसन्स समोर ठेवा. बहुतेक लायसन्सवर १ या आकड्यापुढे आडनाव आणि २ पुढे बाकीची नावं असतात, फॉर्मच्या रकान्यात तशीच उतरवा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ते कधी लायसन्सवर पूर्ण येतं, कधी नुसतं आद्याक्षर, कधी पहिल्या नावालाच चिकटून येतं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असतो त्यांच्या लायसन्सवर भलतंच काहीतरी छापलेलं मी पाहिलंय: पूर्ण नाव आडनावाच्या जागी आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात. अशा वेळी आम्ही एकाच यूसीसी-१ वर त्याच माणसाला दोन कर्जदार म्हणून दाखवतो, एकदा लायसन्सप्रमाणे, एकदा पासपोर्टप्रमाणे. जादा नाव टाकायला फॉर्ममध्ये सोय आहे आणि त्याने काही बिघडत नाही.

आणि हाक मारायचं नाव कधीही नको. कॅन्ससमध्ये एका शेतकऱ्याचं खरं नाव टेरन्स, सगळे टेरी म्हणायचे. डीअर अँड कंपनीने शेतीच्या यंत्रांची नोंद टेरी नावाने केली. तो दिवाळखोरीत गेला, आणि २००४ मध्ये दहाव्या सर्किटच्या (त्या भागातल्या केंद्रीय न्यायालयांच्या) दिवाळखोरी अपिली पॅनेलने ट्रस्टीच्या बाजूने निकाल दिला, यंत्रांवरचा हक्क गेला. इतकी मोठी कंपनी! आपल्याकडे बाळकृष्णचा बाळासाहेब व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि लग्नानंतर लायसन्सवरचं नाव बदललं, किंवा कंपनीने नाव बदललं, तर चार महिन्यांत नोंदीत दुरुस्ती टाका. नाहीतर त्यानंतर घेतलेल्या मालावर तुमचा हक्क पोचत नाही.

दुसरा प्रश्न, कुठे. दुकान एडिसनला, यंत्रं एडिसनला, चालवणारी माणसं एडिसनला, तरी नोंद डेलावेअरला. नोंदणीकृत संस्था ज्या राज्यात स्थापन झाली ते तिचं ठिकाण, असा नियम आहे. न्यू जर्सीत धंदा करायला तिने इथे वेगळी परवानगी घेतली असली तरी त्याने फरक पडत नाही. तेव्हा तुमची मुख्य नोंद डेलावेअरच्या डिव्हिजन ऑफ कॉर्पोरेशन्सकडे. कार्यालयाचं नावही राज्यागणिक बदलतं, सगळीकडे राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय नाही. न्यू जर्सीत ट्रेझरी खात्याचा महसूल विभाग हे बघतो, मेरीलँडमध्ये कर-आकारणी खातं, जॉर्जियात कुठल्याही काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचा क्लार्क.

वॉक-इन कूलर भिंतीला, छताला जोडलेला असेल तर तो इमारतीचा भाग मानला जायची शक्यता असते. त्यासाठी वेगळी फिक्स्चर नोंद, आणि ती इमारत जिथे आहे तिथे, म्हणजे मिडलसेक्स काउंटी क्लार्क, न्यू ब्रन्सविक. तिच्यात जागेचं वर्णन आणि जागामालकाचं नाव लागतं.

व्हॅनला यूसीसी-१ चा उपयोगच नाही. गाडीवरचा बोजा टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, चढवावा लागतो, मोटर व्हेइकल कमिशनकडे. हे हमखास राहून जातं.

तिसरा प्रश्न: करार अपलोड करू नका, मुळीच नको. त्याची गरज नाही, आणि ही नोंद कुणालाही बघता येते. सोशल सिक्युरिटी नंबर एकदा तिथे गेले की काढायला नाकी नऊ येतात. तारणाचं वर्णन तेवढं लिहा. यूसीसी-१ वर "कर्जदाराची सर्व मालमत्ता" एवढं चालतं, पण करारात तसं मोघम चालत नाही. तिथे यंत्रं प्रकारानुसार किंवा एकेक लिहिलेली हवीत. सिरियल नंबर देणार असाल तर यंत्राच्या मागच्या पट्टीवरून स्वतः उतरवा, जुन्या बिलावरून नको. आणि करारात फक्त यंत्रं-माल असेल तर फॉर्मवर "सर्व मालमत्ता" लिहू नका. कबूल झालं त्याच्यापुढे जाऊ नये.

आता वेळ. तुम्ही स्वतःच विकून उधार देताय, म्हणून यंत्रांवर तुम्हाला खास अग्रक्रम मिळतो. त्या एलएलसीने आधीच एखाद्या बँकेकडून सर्व मालमत्तेवर कर्ज घेतलेलं असलं तरी तुमचा नंबर पुढे लागतो. अट एकच: ताबा दिल्यापासून २० दिवसांत नोंद. मालसाठ्याला मात्र २० दिवसांची सवलत नाही. तिथे ताब्याच्या आधी नोंद आणि आधीच्या बँकेला लेखी सूचना, दोन्ही लागतात. त्यामुळे ताबा द्यायच्या आधी डेलावेअरमध्ये त्या एलएलसीच्या नावावर शोध घ्या, आधी कुणी बसलंय का ते कळेल.

नोंद झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा शोध घ्या, स्थापनापत्रातलं नाव जसंच्या तसं टाकून. तुमची नोंद यादीत दिसली तरच सुटका. आमच्याकडे यात कुणालाच सवलत नाही, कितीही घाई असो.

आणि ताई, "ओळखीचे आहेत" म्हणून नोंद टाळायची नसते. ती पोरं चांगलीच असतील. पण उद्या त्यांना दुसऱ्या कुणी कर्ज दिलं तर त्याला तुमचा हक्क कळायला हवा, त्यासाठी ही नोंद आहे. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही. घरी हे असं सांगून बघा.

विक्रांत_डॅलस

रोहिणीताई, उत्तम लिहिलंत. मी या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे कर्जदार. ट्रेलर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. लिफ्टचं कर्ज पूर्ण फिटलं, कर्ज देणाऱ्या कंपनीकडून 'पेड इन फुल' पत्रही आलं. नंतर बँकेकडे नवीन कर्जाला गेलो तर नोंद अजून तशीच! कंपनीला फोन केले की नुसतं संगीत ऐकवतात. नोंद उतरवायची जबाबदारी कुणाची?

आणखी एक. यूसीसी नोंद झाल्यावर काही दिवसांत सरकारी दिसणारं एक पत्र आलं होतं, "तुमच्या नोंदीच्या प्रतीसाठी इतके डॉलर भरा." ते काय प्रकरण असतं?

रोहिणी_मर्सर

विक्रांत, ते पत्र सरकारी नव्हे. नोंदी सार्वजनिक असल्याने खासगी मंडळी पत्ते उचलतात आणि गरुडाचं चित्र छापून पैसे मागतात. बारीक अक्षरात "आम्ही सरकारी संस्था नाही" असं असतं. सरळ केराच्या टोपलीत टाका. गौरीताई, तुमच्या त्या जोडप्यालाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून पैसे भरतील.

नोंद उतरवण्याबद्दल: फोन सोडा, सही करून लेखी मागणी पाठवा, पोच ठेवा. मागणी मिळाल्यापासून २० दिवसांत कंपनीने टर्मिनेशन, म्हणजे नोंद उतरवायचा कागद, दाखल करायला हवं किंवा तुम्हाला पाठवायला हवं. केलं नाही तर ५०० डॉलर कायद्याने देणं लागतात, शिवाय तुमचं प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर ते वेगळं. तरीही हलले नाहीत तर तुम्ही स्वतः यूसीसी-३ (झालेली नोंद बदलायचा किंवा उतरवायचा फॉर्म) भरून टर्मिनेशन दाखल करू शकता. त्यात "कर्जदाराच्या अधिकाराने" ही खूण करायची असते. पत्र आणि पोच बँकेला दाखवा.

फक्त यूसीसी-३ भरताना मूळ नोंदीचा क्रमांक दोनदा ताडून बघा. जनरल मोटर्सचं माहीत असेल. २००८ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरचा एक व्यवहार फिटला, त्याच्या नोंदी उतरवायच्या होत्या. यादीत चुकून तिसरी एक नोंद आली, ती जेपी मॉर्गन सांभाळत असलेल्या १५० कोटी डॉलरच्या वेगळ्याच कर्जाची. मसुदा दोन्हीकडच्या वकिलांच्या नजरेखालून गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही, नोंद उतरली. २००९ मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने जेपी मॉर्गनला सांगितलं, तुम्हाला ते कर्ज उघडं पाडायचं नव्हतं हे खरं, पण हा कागद दाखल करायला संमती तुमचीच होती.

गौरी_एडिसन

रोहिणीताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. डेलावेअरहून स्थापनापत्राची प्रमाणित प्रत मागवली, आज आली. त्यात 'श्री' दोन ई लावून आहे, शेवटी 'फूड्स' अनेकवचनात. आमच्या करारात वकिलांनी आय लावून 'श्री' आणि 'फूड' एकवचनात लिहिलंय! ह्यांना दाखवलं तर तेही गप्प झाले, आणि लगेच वकिलांना फोन लावायला उठले.

आता दोन शंका. ताब्याच्या आधी, म्हणजे २४ नोव्हेंबर २०२५ लाच, नोंद करून ठेवली तर चालेल का? आणि सहा वर्षं हप्ते चालणार, नोंद तेवढी टिकते का?

रोहिणी_मर्सर

करार आधी दुरुस्त करून पुन्हा सह्या घ्या. यूसीसी-१ बरोबर आणि करार चुकीचा, असं मागे ठेवू नका.

आधी नोंद करता येते आणि मालसाठ्यासाठी तुम्हाला ती करावीच लागेल. फक्त करारावर सही व्हायच्या आधी करत असाल तर "आमच्या एलएलसीवर अशी नोंद करायला परवानगी आहे" असं दोन ओळींचं पत्र एलएलसीतर्फे सही करून घ्या. फॉर्मवर कर्जदाराची सही लागत नाही, म्हणूनच हा कागद तुमच्या फाइलला हवा.

नोंद पाच वर्षंच टिकते, तुमचे हप्ते सहा वर्षांचे. म्हणजे एक वर्ष उघडं पडतं. २४ नोव्हेंबर २०२५ ला नोंद झाली तर ती २४ नोव्हेंबर २०३० ला संपेल. मुदतवाढ शेवटच्या सहा महिन्यांतच देता येते, म्हणजे २४ मे २०३० पासून पुढे. विसरू नये म्हणून लोक वर्षभर आधीच पाठवून मोकळे होतात. कार्यालयाने ती ठेवून घेतली तरी कायद्याने ती निरुपयोगी. आणि मुदत टळली तर दुसऱ्या कर्ज देणाऱ्यापुढे तुमची नोंद कधी नव्हतीच असं धरतात. तुमच्या आणि ह्यांच्या, दोघांच्या फोनमध्ये १ जून २०३० ची आठवण लावा. तिथेच मूळ नोंदीचा क्रमांकही लिहून ठेवा, तो त्या दिवशी लागेल.